ताटातली लहान वाटी

कोल्हापुरात मटणाचं ताट समोर आलं की सगळ्यांची नजर आधी दोन रश्श्यांकडे जाते. तांबडा किती झणझणीत, पांढरा किती दाट, यावर बोलणं होतं, वाद होतात, पुन्हा रस्सा मागवला जातो. सुक्क्याचा तुकडा मऊ आहे की चिवट, ते पहिल्या घासालाच कळतं. ताटाच्या एका कडेला खिम्याची लहान वाटी असते. तिच्याबद्दल सहसा कुणी काही बोलत नाही. भाकरीच्या चार घासांत ती संपते. पेठेत खानावळ चालवणाऱ्या आक्का मात्र म्हणायच्या, "खानावळ कशी हाय ते बघायचं असंल तर ती वाटी बघावी."

त्यांचं म्हणणं साधं होतं. मटणाचा तुकडा काही ना काही सांगतो. बोकड कोवळं होतं की जून, ते हाडावरून दिसतं. चरबीचा रंग दिसतो, शिरा दिसतात, चावताना धागा कळतो. खिमा काहीच सांगत नाही. मांडी असो, फरा असो, गर्दनीची छाटण असो, कालचं उरलेलं असो, एकदा बारीक झालं आणि वर कांदा-लसणीची चटणी पडली की सगळ्याचा रंग एक. खाणाऱ्याला तपासायला जागाच उरत नाही. जिथे गिऱ्हाईक तपासू शकत नाही तिथे खानावळवाली काय करते, त्यावरून आक्का तिला जोखत.

हे त्या मुंबईच्या लालबागेत शिकल्या. लग्न होऊन त्या चाळीतल्या खोलीत गेल्या तेव्हा नवरा गिरणीत होता आणि सासूबाई खानावळ चालवायच्या. पाटी नाही, टेबलं नाहीत. एका खोलीत पाळीपाळीनं जेवायला येणारे गिरणीकामगार, घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले. बायकापोरं गावी, आणि इथे महिन्याच्या पैशांवर दोन वेळचं जेवण. गिरणगावात अशा खानावळवाल्या गल्लोगल्ली होत्या. सावकाराच्या व्याजात पिचणाऱ्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावातल्या कष्टकऱ्यांचं बाहेरचं जेवण म्हणजे कुणाच्या तरी घरात, घरच्याच चुलीवर रांधलेलं जेवण होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या खोलीत एकच शेगडी होती. त्यामुळे खानावळीचं वेगळं आणि घरचं वेगळं असं काही शिजूच शकत नसे. शेवटची पंगत उठली की त्याच पातेल्यात जे उरलं असेल ते सासूबाई, आक्का आणि घरातले बाकीचे जेवत. हा कुणी ठरवलेला नियम नव्हता, जागेची आणि रॉकेलची अडचण होती. पण रोज आपल्यालाच त्या पातेल्यात हात घालायचा आहे हे माहीत असलं की माणूस डाळ निवडताना खडा सोडत नाही.

पगार झाल्यावरच्या रविवारी मटण असे. त्यातही सासूबाई खिमा कधी तयार आणत नसत. रविवारी खाटकाकडे रांग लागलेली, त्याला दम घ्यायला वेळ नाही. अशा वेळी ओंडक्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचं काय पडलंय आणि आपल्यात काय मिसळतंय, कोण बघणार? त्या फऱ्याचा तुकडा अख्खा घेऊन येत आणि खोलीच्या दारात पाटावर बसून स्वतः बारीक करत. आक्का समोर बसून शिरा वेचत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेच पुन्हा आत गेलेच नाहीत. खानावळवाल्यांनी उधारीवर जेवू घातलं, जमेल तितके दिवस घातलं. मग एकेक माणूस गावाकडे निघाला. सासूबाईंच्या उधारीच्या वहीतले बरेचसे हिशेब तसेच राहिले. आक्का नवऱ्याबरोबर कोल्हापूरला परतल्या आणि पेठेत एका भाड्याच्या गाळ्यात चार बाकं टाकून त्यांनी तेच सुरू केलं जे त्यांना येत होतं.

बुधवार आणि रविवार मटणाचे वार. सकाळी सहाला त्या खाटकाच्या दुकानात उभ्या असत. सोलून टांगलेल्या बोकडाकडे बोट दाखवून फरा आणि मांडी मागत, दोन्ही हाडासकट. खिम्याला नुसती मांडी चालत नाही, ती शिजल्यावर कोरडी पडते. फऱ्याला थोडी चरबी असते, थोडा चिकटपणा असतो, दोन्ही मिसळलं की दाणा ओलसर राहतो. घरी आणून तुकडे धुवायचे आणि स्वच्छ फडक्यानं कोरडे करायचे. धुणं खिमा करायच्या आधी, नंतर नाही, कारण खिमा धुतला की चव पाण्याबरोबर जाते आणि उरलेलं पाणी कढईत सुटत बसतं. मग हाड वेगळं, पांढरे पापुद्रे वेगळे, शिरा वेगळ्या. मांसाचे लांब पट्टे, पट्ट्यांचे चौकोन, आणि मग दोन हातांत दोन सत्तूर.

ओंडका चिंचेचा. चिंचेचं लाकूड घट्ट असतं, त्याचा भुसा सहजी सुटत नाही, म्हणून खाटीकही तेच वापरतात. दोन्ही सत्तूर आळीपाळीनं पडत, पसरलेलं मांस पुन्हा मध्ये गोळा होई, पुन्हा पसरे. दाणा तुरीच्या डाळीएवढा झाला की थांबायचं. त्याहून बारीक केलं तर लगदा होतो. काम झालं की ओंडका खरवडायचा, खडेमीठ चोळायचं, उकळतं पाणी ओतायचं आणि उन्हात वाळवायचा. यातली एकही पायरी आक्कांनी कधी गाळली नाही.

ओंडका गाळ्याच्या दारात असे, कारण उजेड तिथेच होता. बाकावर जागा होईपर्यंत थांबलेली माणसं तिथेच उभी राहून बघत. तालमीतली पोरं, एसटीचे ड्रायव्हर, कोर्टाच्या कामाला आलेले खेड्यातले लोक. पुढे आक्कांनी गाळा विकत घेतला, आत ट्यूबलाइट लावल्या, तरी ओंडका दारातच राहिला. खिम्यातून निघालेली हाडं आळणी शिजवायच्या पातेल्यात जात. पांढऱ्या रश्श्याला जो मुळातला गोडवा असतो तो हाडांचा असतो, नारळाचं दूध आणि खसखस त्यावर नंतर चढते. म्हणजे खिम्याची वाटी आणि पांढरा रस्सा ही एकाच बोकडाची, एकाच सकाळची असत.

आक्कांना मूल नव्हतं. भावाचा मुलगा शिकायला म्हणून लहानपणीच त्यांच्याकडे राहिला होता. त्याच्या शिक्षणाचा खर्च त्यांनी केला. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकून, तिथेच काही वर्षं नोकरी करून तो परत आला, तेव्हा आक्कांचे नवरे गेले होते आणि आक्कांचे गुडघे उभं राहू देत नव्हते. भाच्यानं खानावळ हातात घेतली.

तो आळशी नव्हता, लबाडही नव्हता. त्यानं आल्याआल्या जे बदल केले ते चांगलेच होते. स्वयंपाकघराला फरशी बसवली, स्टीलची टेबलं आणली, कच्च्या मटणाची सुरी आणि कांदा-कोथिंबिरीची सुरी वेगळी केली. अन्नसुरक्षेचा परवाना काढून भिंतीवर लावला. बाजूचा गाळा बँकेचं कर्ज काढून घेतला. आणि खिम्यासाठी यंत्र आणलं.

आक्कांना वाटलं होतं यंत्राचा खिमा बेचव होणार. सुरुवातीला झालाही तसाच. मग भाच्यानं शिकलेलं कामाला लावलं. मटणाचे तुकडे ताटात पसरून फ्रीजरमध्ये कडा कडक होईपर्यंत ठेवायचे. यंत्राची पाती आणि जाळीसुद्धा गार करून घ्यायची. मटण कोमट असलं की चरबी वितळून पात्यांना माखते, शिरा पात्याभोवती गुंडाळतात, आणि मांस कापलं जाण्याऐवजी चेचलं जातं. चेचलेला खिमा कढईत पाणी सोडतो आणि दाणा रबरासारखा होतो. गार मटण, धारदार पातं, मोठ्या भोकांची जाळी आणि एकदाच फिरवणं, एवढं पाळलं की सत्तुरानं केलेल्या खिम्याच्या जवळ जाता येतं. आक्कांनी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "चांगला झालाय की रं." त्या दिवशी चिंचेचा ओंडका मागच्या बोळात गेला, आणि त्यात काहीही चुकीचं नव्हतं. घरात खिमा करायचा म्हणजे सत्तुरानंच करायला पाहिजे असा माझाही हट्ट नाही. आत काय गेलं ते करणाऱ्याला ठाऊक असलं की झालं.

चूक पुढे झाली, आणि ती इतक्या बारीक पावलांनी झाली की कुठलं एक पाऊल चुकीचं, हे दाखवताही येऊ नये.

खिम्याला मागणी वाढली. ताटातल्या वाटीखेरीज खिमा फ्राय, खिमा पाव, खिमा कटलेट, सगळं फलकावर आलं, आणि दोन वारांऐवजी रोज आलं. रोज पहाटे खाटकाकडे जाणं जमेना म्हणून आदल्या रात्री खिमा करून ठेवायला सुरुवात झाली. मग एकदम दोन दिवसांचा. 2019 च्या शेवटी मटणाचे दर असे चढले की कोल्हापुरात लोक रस्त्यावर उतरले, कृती समित्या झाल्या. घरातलं मटण परवडेना तिथे हॉटेलवाल्यानं ताटाचा दर किती वाढवायचा? बँकेचा हप्ता मात्र थांबत नव्हता. त्याच दिवसांत एक पुरवठादार आला. तयार खिमा, पिशव्यांत भरलेला, गोठवलेला, किलोमागे बराच स्वस्त, दारात आणून देणार. भाच्यानं आधी फक्त कटलेटसाठी घेतला. कटलेटला बटाटा असतो, मसाला असतो, वरून रव्याचं कवच. नंतर फ्रायला. शेवटी वाटीलाही.

पिशवीत नक्की काय आहे ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात त्यानं हे लिहून मार्क मिळवले होते. अख्ख्या मांडीवर जंतू असले तर ते वरच्या बाजूला असतात, आतलं मांस बहुतेक स्वच्छ असतं. तुकडा भाजला की वरचे मरतात. खिमा करताना वरचं सगळं आत जातं, म्हणून तो तुकड्याहून लवकर नासतो. फ्रिजमध्ये पाच अंशांखाली ठेवला तरी एक-दोन दिवसांत संपवायला हवा आणि आतल्या गाभ्यापर्यंत 71 अंश सेल्सिअस ताप पोचला पाहिजे. गोठवल्यानं बहुतेक जंतू मरत नाहीत, थांबतात, आणि वितळलं की पुन्हा वाढू लागतात. 1993 साली अमेरिकेत हॅम्बर्गरच्या अर्धवट शिजलेल्या खिम्यातून ई. कोलायची साथ पसरली, सातशेहून अधिक माणसं आजारी पडली, चार मुलं गेली. त्यानंतर 1994 मध्ये तिथल्या सरकारनं तो जंतू असलेला गोमांसाचा कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला. हे सगळं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. आता तो स्वयंपाक्याला सांगे, "आपण कुठं कच्चा देतोय? दणकून उकळतोय. सगळं मरतं." हेही अर्धंच खरं होतं. माणसाच्या हातावरचे, नाकातले काही जंतू अन्नात असं विष सोडतात की ते उकळूनही जात नाही. तेही त्याच्या वहीत होतं.

कुणी आजारी पडलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत शेवटी कुणीतरी दवाखान्यात जातं आणि मग मालकाला शहाणपण येतं. तसं काही झालं नाही. गल्ला वाढला. फटफट्यांची रांग लागू लागली. खिमा थोडा पाणचट लागे, तर तिखट वाढवलं. वास थोडा वेगळा येई, तर गरम मसाला वाढवला.

आक्का वरच्या मजल्यावर राहत. तिथे घरचं वेगळं स्वयंपाकघर होतं, गॅसची वेगळी शेगडी होती. घर आणि हॉटेल यांच्यात एक जिना होता. भाच्याचं लग्न झालं, सूनबाई आली, ती वर रांधायची आणि तिघं वर जेवायची. खाली काय शिजतं ते वरच्या ताटात आता येतच नव्हतं. लालबागेतल्या खोलीत अडचणीनं जे जुळून आलं होतं ते सुखवस्तूपणात कधी सुटलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आक्कांना पहिली शंका आली ती पांढऱ्या रश्श्यावरून. कुणीतरी पाहुणा आला म्हणून खालून रस्सा मागवला होता. त्यांनी चमचाभर घेतला आणि थांबल्या. काजू होते, खोबरं होतं, दाटपणा होता. त्याखाली काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पोऱ्याला विचारलं, "खिम्याची हाडं कुठं टाकतासा?"

पोऱ्या म्हणाला, "खिम्याला हाडं कुठली, आक्का?"

त्या काही बोलल्या नाहीत. भाच्यापाशीही त्या दिवशी हा विषय काढला नाही. मला वाटतं, त्यांना ओरडायचं नव्हतं. ज्याच्या हातात धंदा दिला त्याला परत हात धरून शिकवायचं तर धंदा दिलाच नाही असं होतं.

सूनबाईला दिवस गेले. तिसरा महिना लागला तेव्हा तिला खिम्याचे डोहाळे लागले, सारखा खिमाच हवा. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं. मटण चालेल, पण नीट शिजलेलं, ताजं. फळं धुऊन. आणि बाहेरचं काही खायचं नाही.

संध्याकाळी भाचा वर आला, म्हणाला, "थांब, खालून खिमा पाठवतो."

ती म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणाल्या बाहेरचं खायचं नाही. आपल्या हॉटेलातलं बाहेरचं धरायचं की घरचं?"

तिनं खरंच विचारलं होतं. तिच्या मनात काही खोच नव्हती, तिला पथ्य पाळायचं होतं. भाचा दारात उभा राहिला. "घरचं" म्हणणं त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. "बाहेरचं" म्हणावं तर ते कुणाला वाढत होतो आपण? शेवटी तो म्हणाला, "आज नको. उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खाटकाच्या दुकानात उभा होता. खूप दिवसांनी. खाटकानं ओळखीचं हसून विचारलं, "काय पाहिजे?" यानं टांगलेल्या बोकडाकडे बोट दाखवून फरा मागितला, हाडासकट. घरी आल्यावर पिशवी घेऊन तो यंत्रापाशी गेला आणि परत फिरला. त्या यंत्रातून रात्रीच पिशवीतला खिमा पुन्हा फिरवला गेला होता. मागच्या बोळात सिलिंडरमागे चिंचेचा ओंडका होता. तो त्यानं बाहेर ओढला, पत्र्यानं खरवडला, मीठ चोळलं, उकळतं पाणी ओतलं, पुन्हा खरवडलं, आणि सगळा कोरडा होईपर्यंत बसून राहिला.

सत्तुराचा आवाज ऐकून आक्का खाली आल्या.

"काय करालायस रं?"

"खिमा. तिला पाहिजे होता."

आक्का खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी ताटली पुढे घेतली आणि शिरा वेचायला लागल्या, लालबागेत वेचत तशा. बराच वेळ दोघं बोलले नाहीत. मग त्या म्हणाल्या, "ही हाडं?"

"तिला सूप करतो. आळणी."

"कर. आनि दुपारी ताटं कितीची लागत्यात आपल्याकडं?"

त्यानं आकडा सांगितला.

"तेवढ्याला असा फरा किती लागंल?"

तो सत्तूर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. आक्कांचा आवाज हिशेबाचा होता. "सांग की. मला आता दर म्हाईत न्हाई. किलोला हाडं-शिरा काढून किती ऱ्हातंय ते म्हाईत हाय. तू दर सांग, मी वजन सांगती."

मग तिथेच, ओंडक्याशेजारी, वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे त्यांनी हिशेब मांडला. असा खिमा रोज द्यायचा तर फलकावरच्या दरात निम्मे पदार्थ तोट्यात जात होते. कटलेट परवडत नव्हतं. पाव परवडत नव्हता. फ्राय परवडलं असतं, पण इतक्या दराला की कुणी घेतलं नसतं. ताटातली वाटी परवडत होती, ताटामागे थोडे पैसे वाढवले तर, आणि आठवड्यातून दोनच दिवस केली तर. हाडं घरात आल्यानं रश्श्याचे काजू कमी होणार होते, तिथे थोडं सुटत होतं. हप्ता भरून हातात उरणारी रक्कम पूर्वीच्या निम्म्याहून कमी होती. भाच्यानं दोनदा बेरीज केली. आक्का म्हणाल्या, "तू ठरीव. मी काय म्हनत न्हाई."

सूनबाईसाठी त्यानं कांदा तांबूस परतला, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण घातलं, हळद घातली आणि खिमा मोठ्या आचेवर हलवत राहिला. आधी पाणी सुटतं, मग ते आटतं, मग कढईच्या कडेनं तेल दिसायला लागतं. तोवर चटणी घालायची नाही. घरभर वास सुटला. सूनबाईनं दोन भाकऱ्यांबरोबर तो खाल्ला आणि वाटी पुढे करून आणखी मागितला.

सकाळी अकराला भाच्यानं फ्रीजर उघडला आणि पिशव्या बाहेर काढून टाकायला सांगितल्या. पोऱ्या गोंधळला. एवढं मटण! तो म्हणाला, "दादा, टाकताय कशाला? मी घरी नेतो की. माझी आई खूश हुईल."

"नको."

"खराब झालंय का?"

"मला माहीत नाही," भाचा म्हणाला. "त्यात काय आहे तेच मला माहीत नाही. तुझ्या आईला नको."

हे त्यानं मोठ्यानं, स्वयंपाक्याच्या आणि वाढप्यांच्या देखत म्हटलं. या सगळ्या गोष्टीत त्याला सर्वांत जड गेलेलं वाक्य तेच असावं. परवाना भिंतीवर होता, रोगी कुणी नव्हता, विचारणारं कुणी नव्हतं. पिशव्या गुपचूप संपवून मग नवीन सुरुवात करता आली असती, आणि चांगली माणसंसुद्धा बहुतेक वेळा तसंच करतात. त्यानं केलं नाही, याचं मला मोल वाटतं.

फलक उतरला. नवा लागला तेव्हा त्यावर खिम्याची एकच ओळ होती, आणि पुढे दोन वार. गिऱ्हाइकं चिडली. कटलेटसाठी येणारी पोरं आठवडाभर येऊन बघून गेली आणि मग यायची थांबली. पार्सलवाल्यांची रांग आटली. एक जुना एसटी ड्रायव्हर ताटाच्या वाढलेल्या दरावर बडबडला. मग वाटीतला पहिला घास घेतल्यावर त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "आक्का उठून आल्या काय परत?" भाच्यानं सांगितलं, त्या वरच आहेत, त्यानंच केलाय.

यंत्र पुन्हा चालू झालं, पण सगळे भाग सोडवून, घासून, उकळत्या पाण्यातून काढल्यावर. ओंडक्यावर एवढा खिमा करणं एका माणसाच्या हातचं काम नव्हतंच. मटण सकाळी येई, तासभर गार होई, दहाच्या आत फिरवून कढईत जाई. पोऱ्याला भाच्यानं पातं कसं ओळखायचं ते शिकवलं. बोथट पातं आवाजावरून कळतं, आणि जाळीतून दाणे सुटे न पडता पीठ येऊ लागलं की यंत्र थांबवायचं. दुसऱ्याच महिन्यात पोऱ्या खाटकाशी गर्दनीच्या तुकड्यावरून भांडून आला. "हे नको, फरा द्या म्हटलं," तो आल्यावर सांगत होता, "तर म्हणतो, खिम्यात काय कळतंय?" भाचा खळखळून हसला आणि त्यानं त्याला चहा दिला.

तीनच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरलं की स्वयंपाकी, वाढपी, भाचा आणि सूनबाई खालीच जेवायला बसू लागले, उरलेल्या पातेल्यातून. सूनबाईनंच ते सुरू केलं. जिना चढून वर पुन्हा रांधण्याचा तिला कंटाळा आला होता. कधी वाटी पुरे, कधी नुसता रस्सा आणि भात उरे. आक्कांसाठी ताट वर जाई.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळी हॉटेलं बंद झाली, हेही झालं. मुलगी त्याच काळात झाली. दार पुन्हा उघडलं तेव्हा काही टेबलं कमी केली होती. बाजूचा गाळा भाच्यानं भाड्यानं दिला, तिथे आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या भाड्यातून बँकेचा हप्ता जातो, आणि तो अजून काही वर्षं जाणार आहे. बुधवारी दीड वाजायच्या आत खिमा संपतो. उशिरा येणारे कुरकुरतात, कधी भांडतातही. भाचा त्यांना तांबडा-पांढरा वाढतो, आणि वाटीत खिम्याऐवजी अंड्याचा मसाला घालून ताटाचे वीस रुपये कमी लावतो.